रंगाचा हौद आणि रेकॉर्डचं बटण

मूकपटांच्या काळात रात्र निळी असायची. बरेचसे रात्रीचे प्रसंग दिवसाच्या उजेडात चित्रित केलेले असत. मग प्रयोगशाळेत त्या प्रसंगाचा तुकडा निळ्या रंगाच्या हौदात बुडवला, की प्रेक्षक समजायचे, रात्र झाली. आग लागली की लाल, दिव्याच्या उजेडातली खोली असली की पिवळसर नारिंगी. हौदावर उभ्या असलेल्या कामगाराला सिनेमाची गोष्ट माहीत असण्याची गरज नव्हती. कुठला तुकडा कुठल्या हौदात, एवढं कागदावर लिहून दिलं की त्याचं काम व्हायचं.

बोलपट आले आणि पंचाईत झाली. फिल्मच्या कडेला आता आवाजाचा पट्टा होता आणि हे रंग आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या आड येऊ लागले. १९२९ मध्ये ईस्टमन कोडॅकनं त्यावर तोड म्हणून आधीच रंगवलेली, पण आवाजाला अडथळा न करणारी ‘सोनोक्रोम’ फिल्म बाजारात आणली. तिच्या रंगछटांना निळा, लाल, पिवळा अशी सरधोपट नावं नव्हती. ‘नॉक्टर्न’, ‘इन्फर्नो’, ‘कँडलफ्लेम’ अशी प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणारी नावं होती. या नावांकडे शेवटी परत यायचं आहे.

आज फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सॉलिड कलरची फिल लेयर असते, ती म्हणजे हाच हौद. आणि ॲक्शन किंवा मॅक्रो म्हणजे कामगाराच्या हातातला कागद. लग्नाच्या हजारभर फोटोंना एकसारखी उबदार झाक द्यायची असो, घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोंना तपकिरी रंग चढवायचा असो, की रोज वीस फोटोंखाली नावाची पट्टी टाकायची असो, हा कागद एकदा नीट लिहिला की बाकीचं काम यंत्राचं. गोची एवढीच होते, की कागद लिहिणाऱ्याला गोष्ट माहीत असते आणि वाचणाऱ्याला ती अजिबात माहीत नसते. ॲक्शन फसतात त्या बहुतेक इथेच.

आधी हौदाची ओळख. फोटोशॉपमध्ये लेयर मेनूत न्यू फिल लेयर आणि त्याच्या आत सॉलिड कलर असा पर्याय आहे. लेयर पॅनेलच्या तळाशी अर्ध्या काळ्या वर्तुळाचं चिन्ह असतं, तिथूनही तो मिळतो. पुष्कळ जण मात्र नवी रिकामी लेयर घेतात आणि पेंट बकेटनं तिच्यात रंग ओततात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण ओतलेला रंग म्हणजे पिक्सेल. कॅनव्हास वाढवला की नव्या जागेत तो पोचत नाही, आणि रंग बदलायचा म्हटलं की पुन्हा ओतणं आलं. फिल लेयरमध्ये रंगाचे फक्त तीन आकडे लिहून ठेवलेले असतात. फोटो फोनमधला असो की पोस्टरएवढा, ती काठोकाठ भरते. महिन्याभरानं फाइल उघडून लेयरच्या छोट्या चौकोनावर दोनदा क्लिक केलं, की रंग बदलता येतो. शिवाय ती जन्माला येतानाच सोबत मास्क घेऊन येते. ज्या कामाची ॲक्शन करायची, ते काम आधी असं दुरुस्त करता येण्याजोगं असलं पाहिजे. ओतलेल्या रंगाची ॲक्शन केली तर चूक हजार फोटोंवर पक्की बसते.

नुसती फिल लेयर टाकली की फोटो रंगाखाली गाडला जातो. खरी करामत ब्लेंड मोडची. तिथली यादी लांबलचक आहे, पण या कामापुरते तीन मोड पुरतात, आणि ते लक्षात ठेवायला जुन्या प्रयोगशाळाच उपयोगी पडतात.

हौदात बुडवलेल्या फिल्मचा पांढरा भाग रंगीत व्हायचा आणि काळा काळाच राहायचा. मल्टिप्लाय मोड हेच करतो. अंबर रंग घ्या: लाल २५५, हिरवा १९१, निळा ०. पांढऱ्यावर मल्टिप्लायनं ठेवला तर पांढरा पूर्ण अंबर होतो. १२८च्या मधल्या करड्यावर ठेवला तर १२८, ९६, ० असा मातकट सोनेरी उरतो. काळ्यावर काहीच घडत नाही. सगळे आकडे मुळाइतकेच राहतात किंवा घटतात, म्हणून फोटो थोडा काळवंडतो.

जुन्या फोटोंचा तपकिरी रंग वेगळ्या वाटेनं यायचा. फोटोतल्या चांदीचं रसायनानं सिल्व्हर सल्फाइड केलं जायचं. चांदी असते गडद भागात, म्हणून सावल्या तपकिरी व्हायच्या आणि पांढरा कागद कोराच राहायचा. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइपमध्येही डोळ्यांना हेच दिसतं. गडद भाग प्रशियन निळा, उजळ भाग कागदाचा. असा परिणाम हवा तर मोड स्क्रीन. प्रशियन निळ्याचे आकडे ०, ४९, ८३. तो स्क्रीननं ठेवला की पांढरा पांढराच राहतो, काळा थेट प्रशियन निळा होतो आणि १२८चा करडा १२८, १५२, १६९ असा फिकट निळसर होतो. स्क्रीनमध्ये फोटो उजळतो, हे आकड्यांतच दिसतं. म्हणून याच्या जोडीला एखादी कर्व्हज लेयर लागते, नाहीतर फोटो धुरकट वाटतो.

तिसरा मोड कलर. हा फोटोची उजेड-सावली हलवत नाही, रंग मात्र सगळे पुसून आपलाच लावतो. सेपिया म्हणून ओळखला जाणारा ११२, ६६, २० हा रंग या मोडमध्ये शंभर टक्क्यांनी ठेवला, तर रंगीत फोटोही एकरंगी तपकिरी होतो. कृष्णधवल फोटोंना हा मोड छान बसतो. लग्नाच्या फोटोंना जपून वापरावा. हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या गालावरची हळद, हिरवा चुडा आणि मागची झेंडूची माळ हे तीनही रंग जिथे एकमेकांपासून वेगळे दिसायला हवेत, तिथे तीस टक्क्यांची सेपियासुद्धा हळदीचा ताजेपणा घालवते. उबदारपणाच हवा असेल, तर मल्टिप्लायमधला अंबर पंधरा ते पंचवीस टक्क्यांवर ठेवावा. पंचवीस टक्क्यांवर पांढऱ्या सदऱ्याचे आकडे २५५, २३९, १९१ होतात. हेसुद्धा पुष्कळ झालं. आपण फार थोडा रंग टाकला, असं एडिट करताना वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो पाहिला की बहुतेकदा टक्के अजून कमी करावेसे वाटतात.

आता कागद लिहायचा. फोटोशॉपमध्ये ॲक्शनची सोय १९९६च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. त्याच आवृत्तीत ॲडजस्टमेंट लेयरही आल्या. विंडोज मशीनवर ऑल्ट आणि एफ९ दाबलं की ॲक्शनचं पॅनेल उघडतं. तळाशी जुन्या टेपरेकॉर्डरसारखी बटणं दिसतात: थांबा, रेकॉर्ड, चालवा.

रेकॉर्ड दाबण्याआधी एक सरावाची फाइल बनवावी. एकच लेयर असलेला साधा फोटो यासाठी चालत नाही. चार लेयर असाव्यात, मधलीच कुठली तरी निवडलेली असावी, आणि फोटोच्या एका कोपऱ्यात सिलेक्शनची मुंगीरेघ चालू असावी. थोडक्यात, फाइल मुद्दाम अस्ताव्यस्त हवी. याचं कारण असं, की ॲक्शनमध्ये आपल्याला ‘आधीचा पसारा आवर’ हेही लिहायचं आहे, आणि पसाराच नसला तर आवरणं रेकॉर्ड होत नाही. सिलेक्शन नसताना कंट्रोल आणि डी दाबून काही उपयोग नाही, कागदावर काहीच उमटणार नाही.

मग पॅनेलमध्ये आपला एक नवा सेट करावा, त्यात नवी ॲक्शन, तिला नाव, आणि रेकॉर्ड. लाल ठिपका पेटला की अनेकांचे हात थरथरतात. त्याची गरज नाही. ॲक्शन वेळ मोजत नाही, फक्त केलेल्या गोष्टी लिहिते. मध्येच चहा घेऊन आलं तरी चालतं.

पहिली पायरी, कंट्रोल आणि डी. सिलेक्शन गेलं. दुसरी पायरी, ऑल्ट आणि पूर्णविरामाची कळ. यानं सर्वांत वरची लेयर निवडली जाते. तिसरी पायरी, लेयर मेनूतून न्यू फिल लेयर आणि सॉलिड कलर. मेनूतून गेलं की आधी एक चौकट उघडते, तिच्यात लेयरचं नाव, मोड आणि अपारदर्शकतेचे टक्के एकदमच भरता येतात. नाव ‘अंबर’, मोड मल्टिप्लाय, टक्के पंचवीस. मग रंगाची खिडकी उघडते. तिथे माउसनं रंग अंदाजे टिपू नये, आकडे टाइप करावेत. ओके म्हणावं, आणि थांबण्याचं चौकोनी बटण दाबावं. तीन ओळींची ॲक्शन तयार झाली.

पॅनेलमध्ये या तिसऱ्या पायरीच्या डाव्या बाजूचा छोटा बाण उघडला, की आत सगळा मजकूर वाचता येतो: नाव, टक्के, मोड, रंगाचे तीन आकडे. इथे आकडे दिसणं ही मोठी सोय आहे, आणि हाच एक सापळाही. ॲक्शननं ‘आत्ता निवडलेला रंग’ लिहिलेला नाही. २५५, १९१, ० हे आकडे लिहिले आहेत. उद्या टूलबारमध्ये हिरवा निवडून ॲक्शन चालवली तरी अंबरच येणार. कुणाला हवं ते हेच असतं. पण ज्याला दर कार्यक्रमाला रंग बदलायचा आहे, तो इथे वैतागतो आणि आठ रंगांच्या आठ ॲक्शन करून ठेवतो.

त्यापेक्षा यंत्राला त्या जागी थांबून विचारायला सांगावं. प्रत्येक पायरीच्या डावीकडे, बरोबरच्या खुणेशेजारी, एक रिकामी चौकट असते. तिच्यात क्लिक केलं की खिडकीचं छोटं चिन्ह येतं. आता चालवताना ती पायरी आली, की फोटोशॉप थांबतं, चौकट उघडतं आणि माणसानं ओके म्हणेपर्यंत वाट पाहतं. जुने आकडे भरलेलेच असतात, त्यामुळे बदल नको असेल तर नुसतं एंटर. ही सोय वापरताना एक जपावं: पूर्ण ॲक्शनच्या किंवा सेटच्या नावाशेजारचं चिन्ह लाल दिसत असेल, तर याचा अर्थ आतल्या काही पायऱ्यांवर थांबा आहे आणि काहींवर नाही. त्या लाल चिन्हावर चुकून क्लिक केलं, की आतल्या सगळ्या पायऱ्यांचे थांबे एकदम बदलतात.

काय पक्कं करायचं आणि काय विचारायचं, हे ठरवण्यातच ॲक्शन लिहिण्याची सगळी कला आहे, असं म्हटलं तरी चालेल. फिल लेयरच्या बाबतीत मोड पक्का असावा, लेयरचं नाव पक्कं असावं. रंग, आणि त्याहूनही अधिक टक्के, हे मोकळे ठेवण्यात शहाणपण असतं. एकाच हौदातून काढलेले दोन फोटो, एक दुपारच्या मंडपातला आणि एक रात्रीच्या वरातीतला, पंचवीस टक्क्यांवर सारखे दिसत नाहीत.

आता बाकीच्या तीन सापळ्यांकडे. पहिला सापळा लेयरच्या नावांचा. रेकॉर्डिंग चालू असताना पॅनेलमधल्या ‘बॅकग्राउंड’ लेयरवर माउसनं क्लिक केलं, तर कागदावर ‘बॅकग्राउंड नावाची लेयर निवड’ असं लिहिलं जातं. दुसऱ्या फाइलमध्ये त्या लेयरचं नाव कुणी बदललेलं असलं, की ॲक्शन तिथेच अडते आणि अमुक लेयर सापडत नाही म्हणून तक्रार करते. वर दुसऱ्या पायरीत माउसऐवजी कळ वापरली ती यासाठीच. ऑल्ट आणि पूर्णविराम म्हणजे सर्वांत वरची, ऑल्ट आणि स्वल्पविराम म्हणजे सर्वांत खालची. ऑल्टसोबत चौकटी कंसांच्या कळा दाबल्या की एकेक लेयर खाली-वर जाता येतं. कळांनी निवडलं की नाव लिहिलं जात नाही, जागा लिहिली जाते. नवी फिल लेयर नेहमी निवडलेल्या लेयरच्या लगेच वर बसते, म्हणून ही जागा ठरवणं अगदी गरजेचं. स्टुडिओचा लोगो वरच्या लेयरवर असेल, तर आपली अंबर लेयर त्याच्याही वर जाऊन लोगोलाही पिवळा करेल. तिथे सर्वांत वर जाऊन एक पायरी खाली उतरावं लागेल.

दुसरा सापळा सिलेक्शनचा, आणि हा फार फसवा. फिल लेयर तयार होताना फोटोवर एखादं सिलेक्शन असेल, तर तिचा मास्क त्याच आकाराचा होतो. म्हणजे रंग फक्त तेवढ्याच तुकड्यात. कुणीतरी चेहरा निवडून काम अर्धवट सोडलेला फोटो ॲक्शनला सापडला, तर नवरदेवाचा चेहरा तेवढा सोनेरी होऊन बाकी वऱ्हाड जसंच्या तसं राहतं. चूक झाल्याची सूचना येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीनं चूक झालेलीच नसते. म्हणून ती पहिली कंट्रोल-डीची पायरी.

पण हाच स्वभाव कामालाही लावता येतो. फोटोखाली नावाची पट्टी हवी आहे, समजा तळाचा पंधरा टक्के भाग गडद रंगाचा. रेकॉर्ड करताना चौकोनी मार्की टूलनं खालचा पट्टा निवडायचा आणि मग सॉलिड कलर टाकायचा, की मास्क आपोआप पट्टीचा होतो. इथे एक गोष्ट आधी करावी लागते, ती विसरली तर सगळं मुसळ केरात. रेकॉर्ड दाबण्यापूर्वी रूलरवर उजवं क्लिक करून एकक टक्के करावं. पिक्सेल किंवा सेंटिमीटर असताना ओढलेलं सिलेक्शन त्या फोटोच्या मापातच लिहिलं जातं. चोवीस मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोवर बरोबर तळाला बसलेली पट्टी मग व्हॉट्सॲपवरून आलेल्या उभ्या फोटोत दिसतच नाही, कारण ती जागाच फोटोच्या बाहेर असते. टक्क्यांत रेकॉर्ड केली की आडवा, उभा, लहान, मोठा, सगळीकडे पट्टी तळाशीच बसते.

तिसरा सापळा जुन्या फोटोंचं काम करणाऱ्यांना हमखास भेटतो. आजोबा-आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो स्कॅन करताना स्कॅनर बहुतेकदा तो ग्रेस्केलमध्ये ठेवतो. ग्रेस्केल फाइलमध्ये रंग राहूच शकत नाही. सेपियाची ॲक्शन चालवली की फोटोवर करडी झाक येते आणि माणूस आकडे तपासत बसतो. काही पीएनजी आणि सगळ्या जीआयएफ फाइल तर इंडेक्स्ड कलरमध्ये असतात, तिथे नवी लेयरच तयार होत नाही. यावर फाइल मेनूच्या ऑटोमेटमध्ये कंडिशनल मोड चेंज नावाची फारशी कुणी वापरत नसलेली पण गुणी आज्ञा आहे. ‘ग्रेस्केल किंवा इंडेक्स्ड असेल तर आरजीबी कर, आधीच आरजीबी असेल तर हात लावू नको’ असं तिला सांगता येतं. ॲक्शनच्या अगदी सुरुवातीला ती टाकावी. छपाईच्या सीएमवायके फाइलसाठी मात्र वेगळी ॲक्शन करावी. तिथे मल्टिप्लाय आणि स्क्रीनचं गणित शाईच्या आकड्यांवर चालतं, आणि परिणाम वेगळा दिसतो.

ॲक्शन अडली तर सगळी खोडून पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही. पॅनेलच्या मेनूत प्लेबॅक ऑप्शन्स आहेत. तिथे ‘स्टेप बाय स्टेप’ निवडलं की एकेक पायरी पडद्यावर दिसत पुढे सरकते आणि कुठे पाय घसरला ते लगेच कळतं. चुकलेली पायरी कचऱ्याच्या डब्यात ओढावी, तिच्या आधीची पायरी निवडावी, रेकॉर्ड दाबून नवी टाकावी. पायऱ्या खाली-वर ओढूनही लावता येतात. आणखी एक जुनी, चांगली सवय: ॲक्शनची पहिली पायरी म्हणून हिस्टरी पॅनेलमधला स्नॅपशॉट घ्यावा. लांबलचक ॲक्शन मनासारखी झाली नाही, तर वीस वेळा मागे जाण्याऐवजी एका क्लिकमध्ये फोटो मूळ रूपात येतो.

एका फोटोवर ॲक्शन जमली म्हणून लगेच हजारांच्या फोल्डरवर सोडू नये. आधी पाच आडमुठे फोटो निवडावेत. एक उभा, एक ग्रेस्केल, एक खूप लेयर असलेला, एक फोनमधला लहान, आणि एक अगदी उजळलेला, ज्यात पांढरा शालू आणि मागे आकाश आहे. हे पाच पार पडले, तर बाकीचे बहुधा पडतात.

मोठ्या ढिगासाठी फोटोशॉपमध्ये दोन वाटा आहेत. एक फाइल मेनूतलं ऑटोमेट आणि त्यातलं बॅच. दुसरी फाइल मेनूतलं स्क्रिप्ट्स आणि त्यातला इमेज प्रोसेसर. नवख्यानं दुसरीच धरावी. इमेज प्रोसेसरला फोल्डर दाखवायचं, जेपीईजी हवं की पीएसडी ते सांगायचं, आणि खाली ‘रन ॲक्शन’मध्ये आपला सेट आणि ॲक्शन निवडायची. तो तयार फाइल स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, मूळ फोटोंना धक्का लावत नाही. लेयर हव्या असतील तर पीएसडीही सोबत मागून ठेवावी, म्हणजे ग्राहकानं ‘जरा पिवळं कमी करा’ म्हटलं की फिल लेयरचे टक्के तेवढे उतरवायचे.

बॅचच्या वाटेनं जाणाऱ्यांचा घात सेव्ह करण्यात होतो. ॲक्शनमध्ये सेव्ह ॲज रेकॉर्ड करताना फाइलला नाव टाइप केलं, तर ते नावही कागदावर चढतं. मग तीनशे फोटो एकामागून एक त्याच नावानं, त्याच जागी, आधीच्या फोटोवर सेव्ह होत जातात, आणि रात्री लावलेलं काम सकाळी पाहिलं की फोल्डरमध्ये एकच फोटो असतो. सेव्ह रेकॉर्ड करायचंच असेल तर नावाला हात लावू नये, आणि बॅचच्या खिडकीत सेव्ह ॲजच्या आज्ञा डावलण्याची जी खूण आहे, ती करावी. त्याच खिडकीत चूक आली की थांबायचं, की चुका फाइलमध्ये लिहून पुढे जायचं, हेही विचारतात. रात्रभराच्या कामाला दुसरा पर्याय बरा. आणि हो, रंग विचारण्यासाठी लावलेला तो खिडकीचा थांबा बॅचपूर्वी काढायला विसरू नये. नाहीतर यंत्र पहिल्याच फोटोवर रंग विचारत रात्रभर उभं राहतं.

फोटोशॉपचं भाडं परवडत नाही म्हणून ॲफिनिटीकडे वळलेले मराठी डिझायनरही कमी नाहीत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅन्व्हानं विकत घेतलं आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून ते फुकट मिळू लागलं. तिथे ॲक्शनला मॅक्रो म्हणतात. सोय २०१६च्या १.५ आवृत्तीपासूनची. मॅक्रो पॅनेलमध्ये रेकॉर्ड करायचं, चालवून पाहायचं आणि मग लायब्ररी पॅनेलमध्ये साठवायचं, असा तिथला क्रम. प्रत्येक पायरीपुढे खूण असते, ती काढली की पायरी तेवढी गाळली जाते. एखाद्या पायरीतला आकडा चालवताना विचारावा, असंही ठरवता येतं, म्हणजे फोटोशॉपच्या थांब्यासारखंच. फिल लेयर लेयर मेनूतल्या न्यू फिल लेयरनं येते. तिथे सुरक्षित मार्ग असा, की रंगाच्या प्रत्येक छटेचा वेगळा मॅक्रो करावा आणि तो दुसऱ्या, वेगळ्या मापाच्या फोटोवर लगेच चालवून पाहावा. ढिगासाठी फाइल मेनूत न्यू बॅच जॉब आहे.

गिंपमध्ये मात्र रेकॉर्डचं बटणच नाही. तिथे कागद हातानं लिहावा लागतो, स्क्रिप्ट-फू किंवा पायथनमध्ये. प्रोग्रामिंगची आवड असलेल्याला त्यात मजा येते, बाकीच्यांनी तो नाद सोडलेला बरा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये फोटोशॉपच्या ॲक्शनची एटीएन फाइल उघडता येते. घरी फोटोशॉप नसलेल्या मदतनिसाकडे काम द्यायचं असेल, तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडते.

राहिली नावं. दहा-बारा ॲक्शन जमल्या, की पॅनेलमध्ये ‘ॲक्शन १’, ‘ॲक्शन १ कॉपी’, ‘नवीन फायनल’ अशी रांग लागते आणि कुठलीत काय आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. सोनोक्रोमच्या नावांवरून कुठली फिल्म रात्रीला आणि कुठली आगीला, हे डबा न उघडता कळायचं. ‘मंडप दुपार’, ‘वरात रात्र’, ‘जुना फोटो तपकिरी’ अशी नावं द्यावीत, आणि नावाच्या शेवटी मोड आणि टक्के: ‘वरात रात्र, मल्टिप्लाय १५’. रंग विचारणाऱ्या ॲक्शनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावं, म्हणजे बॅचला लावताना ती उचलली जाणार नाही.

नव्या ॲक्शन फोटोशॉप बंद होताना त्याच्या सेटिंग्जमध्ये लिहिल्या जातात. मध्येच मशीन अडकून सॉफ्टवेअर जबरदस्तीनं बंद करावं लागलं, तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग जातं, आणि कुणी प्रेफरन्सेस मुळावर आणले तर वर्षाची कमाई जाऊ शकते. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की लगेच पॅनेलच्या मेनूतून सेव्ह ॲक्शन्स करावं. तो पर्याय पुसट दिसला तर घाबरू नये. निवड एकट्या ॲक्शनवर असते तेव्हा तो तसाच दिसतो. वरच्या सेटच्या नावावर क्लिक केलं की तो चालू होतो, आणि सेटची एटीएन फाइल फोटोंच्याच हार्ड डिस्कवर ठेवता येते.